पाकटाचे आमंत्रण आले आहे : परदेशातील अनोळखी समुद्री खाण्याचे अनुभव हवेत

दूरदेशी :
नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने गेली दोन वर्षे मी दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाला, जेओल्ला प्रांतात राहते आहे. मासे मला मनापासून आवडतात, त्यामुळे इथे येताना जेवणाची काळजी मी केलीच नव्हती. कालवे, माकूल, खेकडे आणि समुद्री शेवाळाचे चार-पाच प्रकार पहिल्या सहा महिन्यांतच अंगवळणी पडले. मंग्गे नावाचा, नारिंगी गाठींनी भरलेला आणि अननसाचे पिल्लू वाटावे असा एक समुद्री जीव इथे कच्चा खातात. त्याची तुरट, कडसर, औषधासारखी चवसुद्धा तिसऱ्या खेपेला आवडू लागली.

खरी परीक्षा आता आहे. माझ्या एका सहकाऱ्याच्या आईने मला पुढच्या महिन्यात घरी जेवायला बोलावले आहे आणि जेवणात होंगओ असणार हे आधीच सांगून ठेवले आहे. होंगओ म्हणजे आंबवलेले पाकट. या प्रांतात लग्नकार्याच्या जेवणात होंगओ नसेल तर पाहुणचार झाला असे कोणी मानत नाही. त्यामुळे नकार देणे किती अवघड आहे हे लक्षात येईल. बाजारातून जाताना मी एकदा त्याचा नुसता वास घेतला आहे आणि तेवढ्यानेच डोळ्यांना धार लागली. त्याला कुजका वास म्हणावे तर तो तसाही नव्हता. फरशी पुसण्याच्या एखाद्या जहाल द्रावणाची बाटली नाकाशी उघडावी, तसा काहीसा तो प्रकार होता.

परदेशात राहताना अशा पदार्थाशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांनी पहिला घास कसा घेतला, कशामुळे तो जमला, आणि जमला नसेल तर यजमानांना काय सांगितले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. "एकदा खाऊन तर बघ, मग आवडेल" हा सल्ला मला आजवर अकरा जणांनी दिला आहे. तो सोडून काहीही चालेल.

संशयात्मा :
तुम्हाला आलेला वास खरोखरच अमोनियाचा होता, त्यामुळे फरशीच्या द्रावणाची आठवण होणे अगदी बरोबर आहे. खाण्याआधी त्यामागचे कारण कळले तर भीती बरीच कमी होते, असा माझा स्वतःचा अनुभव असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

समुद्राचे पाणी माशाच्या शरीरातील द्रवापेक्षा बरेच खारट असते, म्हणून शरीरातील पाणी सतत बाहेर ओढले जाण्याचा धोका असतो. बहुतेक मासे समुद्राचे पाणी पिऊन जास्तीचे क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. मुशी, पाकट यांसारख्या कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांनी मात्र वेगळी वाट धरली आहे. आपण जो युरिया लघवीवाटे टाकून देतो, तोच हे मासे रक्तात आणि मांसात साठवून ठेवतात आणि त्याच्या बळावर बाहेरच्या खारटपणाशी बरोबरी साधतात. मासा मेला की जिवाणू या युरियाचे अमोनियात रूपांतर करू लागतात. अमोनियामुळे मांस इतके अल्कधर्मी होते की एरवी मासा कुजवणारे बहुतेक जिवाणू तिथे तग धरू शकत नाहीत. म्हणजे ज्या वासामुळे आपण दूर पळतो, तोच वास त्या मांसाची राखण करत असतो. ह्युक्सान बेटाच्या परिसरात पकडलेली मासळी होडीतून नदीमार्गे नाजूजवळच्या योंगसानपो बंदरापर्यंत आणताना वाटेत बाकीचे मासे खराब होत, पण पाकट खाल्ल्याने कोणाला काही होत नसे, आणि त्यातूनच ही पद्धत रूढ झाली, असे त्या भागात सांगतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने या कथेत न पटण्यासारखे काही नाही.

आता प्रत्यक्ष खाण्याविषयी. होंगओ बहुधा एकटे वाढत नाहीत. उकडलेल्या डुकराच्या मांसाचा चरबीयुक्त काप, चांगली मुरलेली आंबट किमची (कोबीचे आंबवलेले लोणचे) आणि पाकटाचा तुकडा असे तिन्ही एकत्र तोंडात घालायचे असतात, आणि या त्रयीला सामहाप म्हणतात. सोबत माक्कोली ही तांदळाची गढूळ, आंबूस दारू असते. किमची आणि माक्कोली या दोन्हींतील आम्ल अमोनियाला जागच्या जागी निष्प्रभ करते, तर चरबी जिभेवर पातळ थर धरते. हे तीन पदार्थ कोणी प्रयोगशाळेत जुळवलेले नाहीत, तरी जोडणी अचूक आहे. तुम्ही पाकटाचा तुकडा चाखून पाहावा म्हणून सुटा उचललात, तर सर्वांत कठीण मार्ग निवडलात असे होईल.

एक सूचना. चावताना नाकाने श्वास आत घेऊ नका. तोंडाच्या उबेने अमोनिया मोकळा होतो आणि मागच्या बाजूने नाकात चढतो. श्वास तोंडाने घ्या.

दूरदेशी :
संशयात्मा, मनापासून आभार. युरियाचे वाचून क्षणभर आमंत्रणच नाकारावेसे वाटले होते, पण राखणदाराची गोष्ट पटली.

उत्तरवारा :
मी आधी स्वीडनमध्ये होतो आणि सहा वर्षांपासून आइसलँडमध्ये आहे, म्हणजे या विषयातील दोन्ही मोठ्या परीक्षांना बसून झालो आहे.

तुमच्या होंगओचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे इथला हाउकार्ल. तो ग्रीनलंड शार्कपासून करतात. या शार्कच्या मांसात युरियाबरोबरच ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य फार मोठ्या प्रमाणात असते आणि ताजे मांस खाल्ले तर माणसाला दारू चढल्यासारखी विषबाधा होते. म्हणून पूर्वी ते किनाऱ्यावरच्या रेताड खड्ड्यात पुरून, वर दगडांचे वजन ठेवून सहा ते बारा आठवडे निथळू देत आणि नंतर चार-पाच महिने हवेशीर छपराखाली टांगून वाळवत. आता पुरण्याऐवजी डब्यांचा वापर होतो, टांगणे मात्र तसेच आहे. स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावरील ब्यार्नारहोफ्न येथे याचे छोटे संग्रहालय आहे आणि तिथे ती टांगलेली, बाहेरून काळपट पडलेली मांसखंडे पाहता येतात. हिवाळ्याच्या मध्यावर येणाऱ्या थोर्राब्लोट या मेजवानीत हाउकार्लचे साखरेच्या खड्याएवढे तुकडे काडीला टोचून देतात, आणि वर ब्रेनिव्हिन या कडक दारूचा घोट असतो. आकार मुद्दामच लहान ठेवलेला आहे हे लक्षात घ्या. पोट भरण्यासाठी ते कोणीच खात नाही.

मला चव कशी वाटली? आधी काहीच नाही, मग एखाद्या खूप मुरलेल्या चीजसारखी, आणि गिळून झाल्यावर अमोनिया. वास आधी आणि चव नंतर या क्रमाची आपल्याला सवय असते. इथे क्रम उलटा लागला आणि गोंधळ त्याचाच झाला.

स्वीडिश सुरस्त्रोमिंगचा मार्ग वेगळा आहे. त्यात बाल्टिक समुद्रातील लहान हेरिंग मासे मिठात मुरवतात, पण मीठ इतके बेताचे असते की मासा कुजत नाही आणि आंबणे मात्र चालू राहते. डबा बंद झाल्यावरही आतली प्रक्रिया थांबत नाही, त्यामुळे डब्याचे झाकण आणि तळ फुगतात. याच कारणाने 2006 साली काही मोठ्या विमान कंपन्यांनी हे डबे विमानात नेण्यास मनाई केली होती. नवीन हंगामाचा माल परंपरेने ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी येतो आणि उत्तर स्वीडनमध्ये त्यानिमित्त मेजवान्या होतात. डबा घरात उघडू नये. बाहेर अंगणात, बादलीभर पाण्यात बुडवून उघडावा, म्हणजे दाबाखालचा रस अंगावर उडत नाही.

आंतरजालावर लोक हा मासा डब्यातून थेट उचलून खातात आणि ओकाऱ्या काढतात, ते पाहून मला खरोखर राग येतो. तिथले लोक तो तसा खातच नाहीत. मासा साफ करून, पोटातले काढून टाकून, लोणी लावलेल्या पातळ पोळीसारख्या पावावर उकडलेल्या बटाट्याच्या कापांबरोबर, वर बारीक कांदा आणि आंबट साय घालून त्याचे लहान तुकडे ठेवतात. अशा घासात त्याचे प्रमाण लोणच्याइतकेच असते. कोणी लोणच्याची फोड बरणीतून काढून वाटीभर खाल्ली आणि तोंड वाकडे केले, तर दोष लोणच्याचा नसतो.

कडेलोट :
वरील सूचनेत भर घालतो. बादली शेजाऱ्याच्या कुंपणापासून दूर ठेवावी. आमच्याकडे यावरून इमारतीच्या बैठकीत ठराव झाला आहे.

शंखिनी :
मी जपानमध्ये नऊ वर्षे राहिले. दूरदेशी, तुमच्या पहिल्या प्रश्नातील एक गृहीतक मला तपासून पाहावेसे वाटते. आपण सगळे वासाबद्दल आणि चवीबद्दल बोलतो आहोत, पण माझ्या अनुभवात माणूस अडतो तो बहुतेक वेळा स्पर्शापाशी. चव वाईट नसताना, किंबहुना चवच नसताना, घास घशाखाली उतरत नाही.

समुद्रकाकडीचे उदाहरण घ्या. तिला स्वतःची चव जवळपास नसते. चीनमध्ये ती वाळवून, मग कित्येक दिवस पाण्यात फुगवून, रश्शात शिजवतात, आणि तिची किंमत केली जाते ती तिच्या लवचीक, किंचित दात अडवणाऱ्या मऊपणासाठी. जेलीफिशचेही तसेच आहे. मीठ आणि तुरटी लावून तो घट्ट करतात, पुन्हा भिजवून खारटपणा काढतात आणि चिरून थंड कोशिंबीर करतात. खाताना कच्च्या काकडीसारखा आवाज येतो आणि तो आवाज हाच तो खाण्याचा हेतू असतो. जपानी भाषेत अशा तोंडातल्या स्पर्शांना कितीतरी शब्द आहेत. कोरीकोरी म्हणजे कूर्चेसारखे कडक, पुरुपुरु म्हणजे थुलथुलीत पण ताजे, नेबानेबा म्हणजे तारा सुटणारे चिकट, आणि हे तिन्ही शब्द कौतुकाचे म्हणून वापरले जातात. आपल्याकडे बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत, चिवट असे शब्द काही कमी नाहीत, पण त्यांतला कौतुकाचा शब्द मला तरी शोधून सापडला नाही. जीभ शब्दांच्या आधी नाक मुरडते की शब्दांमुळे मुरडते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

नात्तोने, म्हणजे तारा सुटणाऱ्या आंबवलेल्या सोयाबीनने, माझी पाच महिने परीक्षा घेतली. शिराको समोर आले तेव्हा ते काय आहे हे मला ठाऊक नव्हते. पांढऱ्या, मेंदूसारख्या वळ्या असलेला तो पदार्थ मी साय समजून खाल्ला आणि तो मला फार आवडला. ती नर कॉड माशाची रेतपिंडे असतात हे यजमानीणबाईंनी नंतर सांगितले. मादीची गाभोळी आपण चवीने खातो आणि नराची ऐकून दचकतो, यात तर्क कुठला, असे त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे माझे एक मत पार बदलले. उनी, म्हणजे काटेरी समुद्री अर्चिनच्या आतील पिवळ्या जननग्रंथी, मी पहिल्या वर्षी दोनदा खाल्ल्या आणि दोन्ही वेळा त्या कडवट, धातूसारख्या लागल्या. मी त्या पदार्थावर कायमची फुली मारली. चार वर्षांनी होक्काइदोच्या एका किनाऱ्यावर फोडलेल्या कवचातून लगेच काढलेली उनी खाल्ली, तेव्हा ती गोड, मलईसारखी आणि समुद्राच्या वासाची होती. लाकडी पेटीतून येणाऱ्या उनीचा आकार विरघळू नये म्हणून तिला तुरटीच्या पाण्यातून काढतात, आणि मला लागलेला कडवटपणा त्या तुरटीचा होता. नुसत्या खाऱ्या पाण्यात ठेवलेली उनीही मिळते. म्हणजे चार वर्षे मी ज्या पदार्थाला नावे ठेवत होते, तो मी खाल्लेलाच नव्हता.

मिताहारी :
शंखिनीताई, हे सारे वाचायला गोड आहे, पण फुगूचे काय? जीव धोक्यात घालून मासा खाण्याला रसिकता म्हणायचे का?

शंखिनी :
मिताहारी, फुगू मी दोनदा खाल्ला आहे आणि त्यात शौर्य काहीही नव्हते. फुगूचे विष, म्हणजे टेट्रोडोटॉक्सिन, मुख्यतः यकृतात आणि अंडाशयात असते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही, त्यावर उतारा नाही, आणि मज्जातंतूंचे संदेशवहन बंद पाडून ते श्वास थांबवते, तोवर माणूस बहुधा शुद्धीवर असतो. म्हणूनच जपानमध्ये परवानाधारक आचाऱ्यालाच तो साफ करता येतो आणि यकृत वाढण्यास बंदी आहे. आठवे बांदो मित्सुगोरो हे नामवंत काबुकी नट 1975 साली क्योतो येथे फुगूच्या यकृताच्या चार वाट्या खाऊन दगावले. त्यांनी हट्ट धरला होता आणि आचाऱ्याला तो मोडवला नाही.

मांसाला चव अगदी हलकी असते. ते इतके घट्ट असते की जाड काप चावताच येणार नाही, म्हणून खालच्या बशीची नक्षी दिसेल एवढे पातळ काप करतात. पुन्हा स्पर्शच आला, पाहा. मला त्यापेक्षा विलक्षण वाटते ती इशिकावा प्रांतातील पद्धत. तिथे फुगूचे विषारी अंडाशय आधी मिठात आणि मग तांदळाच्या कोंड्यात असे दोन-तीन वर्षे मुरवतात, आणि त्यानंतर ते खाण्याजोगे होतात. तपासणीनंतरच ते विक्रीला येतात. मी ते भातावर चिमूटभर खाल्ले, फार खारट होते, आणि रात्री दोनदा उठून हाताची बोटे हलतात ना हे पाहिले.

खडकाळ :
मी स्पेनच्या गॅलिसिया भागात असतो. इथले पेर्सेबेस पाहिले की पहिला प्रश्न पडतो तो हा की हे खायचे असते हे कोणाला आणि कसे सुचले. डायनासोरच्या बोटासारखा जाड, काळा, खरखरीत देठ आणि टोकाला नखासारखे कवच असे त्यांचे रूप आहे. लाटा जिथे सर्वांत जोरात आपटतात त्याच खडकांना ते चिकटून वाढतात, आणि कोस्ता दा मोर्ते, म्हणजे मृत्युकिनारा, या नावाच्या किनाऱ्यावर पेर्सेबेइरो कमरेला दोर बांधून, ओहोटीच्या वेळी दोन लाटांच्या मधल्या क्षणांत ते खरवडून काढतात. शिजवण्याची कृती दोन ओळींची आहे : पाणी उकळले की घाला, पुन्हा उकळले की काढा.

खाताना देठाची कातडी पिळून सोलावी लागते आणि नवख्याच्या हातून आतले खारे पाणी नेमके समोरच्याच्या सदऱ्यावर उडते. माझ्या हातून ते ज्यांच्या सदऱ्यावर उडाले, ते पुढे माझे सासरे झाले. आतला गुलाबी-केशरी गर मात्र खेकड्याच्या आणि कालवाच्या मधल्या चवीचा असतो. दिसायला शिंपल्याचा भाऊ वाटला तरी हा जीव खेकड्या-कोळंबीच्या कुळातला आहे, हे ज्यांना कोळंबीचे वावडे आहे त्यांनी ध्यानात ठेवावे.

नाडीपरीक्षा :
खडकाळ यांनी वावड्याचा विषय काढलाच आहे, तर वैद्यकीय पेशातील माणूस म्हणून काही सांगणे माझे कर्तव्य आहे.

कोळंबी, खेकडा, शेवंड यांची ॲलर्जी प्रामुख्याने ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते. हेच प्रथिन थोड्याफार फरकाने कीटकांतही असते. युरोपीय संघाने 2021 पासून पिवळ्या अळ्यांना खाद्य म्हणून मान्यता दिली, तेव्हा वेष्टणावर ॲलर्जीची सूचना बंधनकारक केली ती याचसाठी. नवख्या देशात अळ्या किंवा टोळ चाखण्यापूर्वी आपले कोळंबीशी जमते का, हे आठवावे.

कच्च्या समुद्री माशांत ॲनिसाकिस या कृमीच्या अळ्या असू शकतात. व्हिनेगर, लिंबू, वसाबी किंवा वरून घेतलेली दारू यांपैकी कशानेही त्या खात्रीने मरत नाहीत. शिजवणे किंवा पुरेसे गोठवणे हेच उपाय आहेत. अमेरिकेतील नियमांनुसार कच्चा खायचा मासा उणे 20 अंश सेल्सियसला सात दिवस गोठवावा लागतो, अपवाद काही प्रकारच्या ट्यूनासारख्यांचा. घरच्या फ्रीजवर त्यासाठी विसंबू नये. यकृताचा आजार असलेल्यांनी कच्ची कालवे पूर्णपणे टाळावीत, कारण उबदार पाण्यातील व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू त्यांना जिवावर बेतू शकतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी शंखिनीताईंचा नात्तो खाऊ नये. त्यातील भरपूर के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. होंगओबद्दल मला वेगळे काही सांगायचे नाही. अमोनिया झोंबतो, आणि काही जणांचे टाळू सोलवटते, म्हणून थोडे खावे.

कडेलोट :
डॉक्टरांच्या यादीत एस्कोलार राहिला. हा खोल समुद्रातील लोण्यासारखा मऊ, पांढराशुभ्र आणि अतिशय चविष्ट मासा आहे. अमेरिकेत असताना मला तो पांढरा ट्यूना या नावाने वाढण्यात आला. उपाहारगृहाचे नाव सांगत नाही, पण तिथल्या आठ तुकड्यांची मी मनापासून तारीफ केली होती. त्याच्या मांसातील मेणासारखे स्निग्ध द्रव्य माणसाला पचत नाही आणि ते कोणतीही पूर्वसूचना न देता जसेच्या तसे बाहेर पडते, हे ज्ञान मला दुसऱ्या दिवशी कार्यालयीन बैठकीत झाले. जपानमध्ये या माशाच्या विक्रीवर 1977 पासून बंदी आहे हे मी त्यानंतर वाचले. सभ्य भाषेत एवढेच लिहिता येईल.

शंखिनी :
कडेलोट, नावांवरून आठवले. पॅटागोनियन टूथफिश या नावाने ज्याला गिऱ्हाईक नव्हते, तोच मासा 1977 साली एका अमेरिकी व्यापाऱ्याने चिलीयन सी बास म्हणून विकायला आणला आणि तो महागड्या जेवणांत जाऊन बसला. नावापुढे जीभ किती दुबळी असते, याचा हा पुरावाच मानायला हवा.

मिताहारी :
माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कदाचित इथे अप्रिय ठरेल. सगळे शिकून घ्यावे, सगळे चाखावे, न जमल्यास तो आपला कोतेपणा, असा सूर या चर्चेत हळूहळू लागतो आहे. मला तो मान्य नाही. मी सोलमध्ये दीड वर्ष होतो. तिथे सान-नाकजी, म्हणजे जिवंत ऑक्टोपसचे वाढण्यापूर्वी क्षणभर आधी केलेले तुकडे, तिळाच्या तेलात वळवळत समोर आले, आणि मी ते खाल्ले नाहीत. ते चिकट शोषक घशाला धरून बसल्याने गुदमरून माणसे दगावली आहेत, पण माझे कारण ते नव्हते. मला ते पाहवले नाही.

स्वित्झर्लंडने 2018 पासून शेवंड शुद्धीवर असताना उकळत्या पाण्यात टाकण्यास मनाई केली आहे. ब्रिटनने 2022 च्या कायद्यात खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपस यांची गणना संवेदना असणाऱ्या प्राण्यांत केली आहे. म्हणजे हा केवळ माझ्या नाजूक मनाचा प्रश्न नाही. उत्तरवारा ज्या ग्रीनलंड शार्कचे इतक्या कौतुकाने वर्णन करतात, तो 2016 च्या संशोधनानुसार किमान 272 वर्षे जगू शकतो आणि वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षे घेतो. तेवढ्या आयुष्याचे साखरेच्या खड्याएवढे तुकडे करताना मनात काहीच येत नाही का?

संशयात्मा :
एक तपशील. ऑक्टोपसच्या सुमारे 50 कोटी चेतापेशींपैकी दोन-तृतीयांश त्याच्या भुजांमध्ये असतात, त्यामुळे भुजा धडावेगळी झाल्यावरही हलत राहते. समोर वळवळते ते जिवंत प्राण्याचे तडफडणे नसते. अर्थात, त्याआधी तो जिवंत होता आणि मारण्याची रीत कोणती होती, हा तुमचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, हे मी मान्य करतो.

उत्तरवारा :
मिताहारी, मनात येते. आता इथे हा शार्क बहुधा इतर मासेमारीत चुकून जाळ्यात आलेलाच वापरतात, हे खरे असले तरी तुमचे वाक्य वाचल्यावर पुढच्या हिवाळ्यात मी तो तुकडा उचलेन की नाही हे सांगता येत नाही. मात्र नकाराची रीत मी तिथल्याच एका आजींकडून शिकलो. त्या स्वतः हाउकार्लला हात लावत नाहीत. ताट पुढे आले की त्या म्हणतात, "माझा वाटा मी तरुणपणी खाऊन संपवला," आणि ताट शेजाऱ्याकडे सरकवतात. परक्या माणसाला हे वाक्य वापरता येणार नाही, पण ताट हातात घेऊन, बघून, काय कसे केले ते विचारून मग पुढे सरकवणे आणि तोंडापुढे हात धरून मान फिरवणे यांत यजमानांच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते.

खडकाळ :
सहमत. शिवाय नकार आधी कळवावा. इथे मिन्यो नदीतला लाम्प्रे मासा त्याच्याच रक्तात शिजवतात. मला ते जमणार नाही हे मी आठवडाभर आधी सांगितले, तर सासूबाईंनी सहज बटाट्याचे आम्लेट केले. पानावर बसल्यावर सांगितले असते तर तो अपमान ठरला असता. युरोपीय बाममाशाची पारदर्शक पिल्ले मात्र मी कोणाकडेही खात नाही, कारण ती जात अतिशय धोक्यात आहे, आणि ते कारण सांगितल्यावर आजवर कोणी रागावलेले नाही.

शंखिनी :
मिताहारी, तुमचा आक्षेप मला योग्य वाटतो, पण एक गोष्ट त्याला जोडून पाहावी. काय खाण्याजोगे आणि काय नाही, याची रेघ आपण समजतो तितकी जुनी नसते. आज सुशी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सामन माशाचा केशरी काप येतो. पण प्रशांत महासागरातील सामनमध्ये कृमी असतात म्हणून जपानी लोक तो पूर्वी कच्चा खात नसत. शेतीत वाढवलेला आपला सामन कच्चा खाता येतो, हे नॉर्वेच्या लोकांना 1980 च्या दशकात जपानी व्यापाऱ्यांना पटवावे लागले, आणि सुरुवातीला त्यांनी रंग, वास, सगळ्यालाच नाके मुरडली. सुशीच्या घरातच सामन हा अनोळखी आणि किळसवाणा पाहुणा होता. हे मी स्वतःच्या नात्तोच्या पाच महिन्यांना दिलासा म्हणून लक्षात ठेवले आहे.

दूरदेशी :
सर्वांना पुन्हा नमस्कार. जेवण काल झाले.

शिजवलेले मांस मोठ्या बशीत मध्यभागी, एका बाजूला तीन वर्षांची जुनी किमची आणि दुसऱ्या बाजूला फिकट गुलाबी, चकचकीत पाकटाचे काप अशी मांडणी होती. खोलीत शिरताच वास आला, पण बाजारात आला होता तितका तीव्र वाटला नाही. सहकाऱ्याच्या आईने सांगितले की पहिल्यांदा खाणाऱ्यासाठी कमी दिवस मुरवलेले आणले आहे. म्हणजे मी इथे जी भीती मांडत होते, ती त्यांनी मला न विचारताच ओळखली होती.

पहिला घास त्यांनी स्वतः रचून माझ्या हातात दिला. संशयात्मा यांनी सांगितल्याप्रमाणे तोंडाने श्वास घेत राहिले. आधी डुकराची चरबी लागली, मग किमचीचा आंबटपणा, आणि मला वाटले की एवढेच असेल, तेवढ्यात दाताखाली मऊ कूर्चा कचकन मोडली आणि टाळूपासून कपाळापर्यंत थंड, झणझणीत कळ गेली. डोळ्यांतून पाणी आले. शंखिनीताईंचे म्हणणे मात्र मला लागू पडले नाही, कारण स्पर्श हाच त्या घासातला मला आवडलेला भाग होता. कूर्चेचा तो बारीक करकराट अजून आठवतो. चवीबद्दल अजून मत झालेले नाही. चार घास खाल्ले. पाचवा सहकाऱ्याच्या मेहुण्याने माझ्या ताटातून हळूच उचलला. तो सोलचा आहे आणि लग्नानंतरची पहिली तीन वर्षे पाकट खाताना आपण श्वास रोखून धरत होतो, असे त्याने मला जाताना दारात सांगितले.

अंगावरचा लोकरी कोट मात्र कालपासून सज्जात टांगला आहे आणि तो आत आणण्याजोगा व्हायला अजून दोन दिवस लागतील असे दिसते.

निघताना पुढच्या जेवणाचे आमंत्रण मिळाले. या वेळी गेबुल आहे, म्हणजे समुद्राच्या चिखलात बीळ करून राहणारा, बोटभर जाड, गुलाबी, पाण्याने फुगलेला एक किडा, आणि तो कच्चाच खातात असे कळते. ज्यांनी खाल्ला असेल त्यांनी लिहावे.